अँचेलोटीची पद्धत कुठली?

पत्रात तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, फुटबॉल कोचिंगच्या डी लायसन्सच्या कोर्सला साक्की, क्रायफ, गार्डिओला, क्लॉप अशा सगळ्या नावाजलेल्या कोचांच्या पद्धती फळ्यावर आल्या, पण कार्लो अँचेलोटीचं नाव निघालं की ‘त्याला काय, स्टार मिळाले’ म्हणून विषय संपला. मग प्रशिक्षक म्हणून पाच चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या या माणसाची पद्धत आहे तरी कुठली? दोन, तुझ्याकडे सोळा वर्षांचा एक डावखुरा मिडफिल्डर आहे. पास सुरेख, पण पळण्यात मंद, आणि तुझ्या ४-३-३ मध्ये (मागं चार, मध्ये तीन, पुढं तीन) त्याला जागा सापडत नाही. त्याचं काय करायचं?

दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो, कारण माझ्या लेखी ते एकच आहे. कोल्हापुरात पोरांना शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही ‘त्याला काय’ म्हणणाऱ्यांतलाच होतो. नंतर त्याचे जुने सामने बघत गेलो, त्याच्या मुलाखती वाचत गेलो आणि माझं मत हळूहळू फिरलं. सगळं फिरलं नाही. कुठं नाही, तेही सांगतो.

सुरुवात त्याच्या खेळण्यापासून करायला हवी. त्याच्या कोचिंगची मुळं तिथंच आहेत.

उत्तर इटलीत पो नदीच्या सपाट खोऱ्यात रेज्जोलो नावाचं गाव आहे. तिथं १० जून १९५९ चा त्याचा जन्म. घर शेतकऱ्याचं, तेही दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबणाऱ्याचं. वडील जुझेप्पे गाई सांभाळायचे, दुधाचं पार्मेजान चीज करायचे. या चीजचं गणित आपल्या गुऱ्हाळासारखं नसतं, की सकाळी ऊस गाळला आणि संध्याकाळी ढेप तयार. एका मोठ्या चक्क्याला पाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं आणि तो निदान बारा महिने फळीवर मुरवावा लागतो. कष्ट आज, पैसा पुढच्या वर्षी. वडिलांचा हा धीर अँचेलोटीनं नंतर अनेकदा बोलून दाखवला आहे. डगआउटमध्ये च्युइंग गम चघळत, डावी भुवई वर चढवून, हू की चू न करता उभा राहणारा माणूस बघितला की मला ती चीजची फळी आठवते.

फुटबॉल सुरू झालं ते पार्मात, तिसऱ्या श्रेणीत. तिथले कोच चेझारे माल्दिनी. हे नाव लक्षात ठेव. १९७९ मध्ये वरच्या श्रेणीत जाण्यासाठी त्रिएस्तिनाशी प्लेऑफ झाला, त्यात वीस वर्षांच्या या पोरानं दोन गोल मारले आणि त्याच उन्हाळ्यात रोमानं त्याला उचललं. पुढं याच चेझारेंच्या मुलाबरोबर, पाओलोबरोबर, तो मिलानमध्ये खेळला. आणि त्याहून पुढं त्याच पाओलोचा तो कोच झाला. आपल्याकडं पेठेतल्या एखाद्या घरातल्या दोन पिढ्या एकाच तालमीच्या संघातून खेळतात ना, तसलंच हे.

रोमात कोच होते स्वीडनचे नील्स लिडहोल्म. त्या काळात इटलीत माणसामागं माणूस लावायची रीत होती. लिडहोल्म मात्र झोन खेळवायचे, म्हणजे माणसापेक्षा जागा राखायची. मिडफिल्डला ब्राझीलचा फाल्काव. त्याच्या शेजारी राहून अँचेलोटी काय करायचा? चेंडू हिसकायचा आणि फाल्कावच्या पायात द्यायचा. १९८३ मध्ये रोमानं लीग जिंकली, १९४२ नंतर पहिल्यांदा. पण त्याची दोन मोठी स्वप्नं गुडघ्यानं खाल्ली. १९८१ च्या शरद ऋतूत एक गुडघा गेला म्हणून १९८२ च्या विश्वचषकाला मुकला, आणि तो विश्वचषक इटलीनं जिंकला. १९८३ च्या डिसेंबरात दुसरा गुडघा गेला. मे १९८४ मध्ये युरोपियन कपचा (आजची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामना झाला तोही खुद्द रोममध्ये, रोमाच्या घरच्या मैदानावर. हा बाहेर बसून बघत होता. लिव्हरपूलनं पेनल्टीवर कप नेला. जे खेळाडू बाहेर बसवले जातात त्यांच्याशी कसं बोलायचं, हे याला कुठल्या कोर्सनं शिकवलेलं नाही.

१९८७ मध्ये अरिगो साक्कीनं त्याला मिलानमध्ये मागितलं. मालक बर्लुस्कोनी कचरत होते. अठ्ठावीस वर्षांचा, दोन्ही गुडघे शिवलेला माणूस कशाला घ्यायचा? साक्की अडून बसला. सुरुवातीला हा संघात बसेना, तेव्हा साक्कीनं त्याला रोज लवकर बोलावून क्लबच्या लहान पोरांबरोबर सराव करायला लावला. इटलीसाठी खेळलेला खेळाडू, आणि शेजारी ज्युनिअरची पोरं! तो गेला, निमूट शिकला आणि त्या संघाचा कणा झाला. बारेसी, माल्दिनी, रायकार्ड, गुलिट, व्हॅन बास्टेन अशी नावं ज्या संघात आहेत, तिथं कणा म्हटलेलं तुला जास्त वाटेल. पण १९ एप्रिल १९८९ चा सॅन सिरोवरचा रेआल माद्रिदविरुद्धचा सामना बघ. मिलाननं ५-० नं धुतलं. पहिला गोल कुणाचा? अँचेलोटीचा. पंचवीसेक मीटरवरून, दोघांना चकवून मारलेला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिलाननं युरोपियन कप जिंकला.

इटलीकडून सामने २६, गोल १. आकडे बघून कुणी पोस्टर लावणार नाही. मोठ्या खेळाडूंच्या मधोमध उभं राहून त्यांचं काम सोपं करणं हा त्याचा खेळ होता. माझ्या मते कोच म्हणूनही तो तेच करत आला.

१९९१-९२ मध्ये कापेलो कोच झाले आणि त्याची जागा वीस वर्षांच्या अल्बर्तिनीनं घेतली. मिलान त्या मोसमात लीगमध्ये एकही सामना हरला नाही. शेवटी सॅन सिरोवर व्हेरोनाविरुद्ध त्याला उशिरा उतरवलं, त्यानं दोन गोल मारले आणि बूट काढून ठेवले.

लगेच साक्कीनं त्याला राष्ट्रीय संघात साहाय्यक म्हणून नेलं. १९९४ चा विश्वचषक, अमेरिकेतलं भर दुपारचं ऊन, अंतिम सामना पॅसाडीनात ब्राझीलशी, आणि रॉबेर्तो बाजोची बारवरून गेलेली पेनल्टी. हे सगळं त्यानं बेंचवरून पाहिलं. त्याच स्पर्धेत नॉर्वेविरुद्ध इटलीच्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं आणि साक्कीनं बाहेर काढला तो बाजोलाच, जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूला. पद्धत मोठी की खेळाडू मोठा, या प्रश्नाला साक्कीचं उत्तर ते होतं. सामना इटलीनं जिंकला, त्यामुळं ते उत्तर बरोबरही वाटलं.

इथून आपल्या विषयाचा गाभा सुरू होतो.

स्वतः कोच झाल्यावर पहिलं वर्ष घरच्या रेज्जानामध्ये, दुसऱ्या श्रेणीत. सुरुवातीला संघ तळाला होता, नोकरी जायची वेळ आली होती. मोसमाअखेर वर चढला. मग १९९६ मध्ये पार्मा. तरुण बुफॉन, कान्नावारो, थुराम, क्रेस्पो असले खेळाडू. पहिल्याच वर्षी युव्हेंटसच्या मागं फक्त दोन गुणांनी दुसरा आला. सगळं साक्कीच्या वहीतलं. पक्की ४-४-२, चार-चारच्या दोन सरळ रेषा, सगळे मिळून पुढं सरकणार, सगळे मिळून मागं.

पण त्या वहीत दहा नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या मागं मोकळं खेळणाऱ्याला, पानच नव्हतं. जानफ्रांको झोला पार्मात होता. त्याला डाव्या कडेला मिडफिल्डर म्हणून उभा केला, तो कंटाळला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये चेल्सीला निघून गेला. तिथले लोक आजही त्याचं नाव काढतात. पुढच्या उन्हाळ्यात खुद्द बाजो पार्मात यायला निघाला होता. त्याला स्ट्रायकरच्या मागं, मोकळं खेळायचं होतं. अँचेलोटी म्हणाला, माझ्याकडं ती जागाच नाही. बाजो बोलोन्याला गेला आणि त्या मोसमात लीगमध्ये २२ गोल मारले.

ही आपली चूक होती, असं अँचेलोटीनं नंतर स्वच्छ कबूल केलं. जे येत होतं त्यापलीकडं जायचं धाडस नव्हतं, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. ‘पद्धत असलेला’ अँचेलोटी तुला हवा असेल तर तो हा, १९९६ ते ९८ चा. पुढचं सगळं त्या पद्धतीतून बाहेर पडण्याचं आहे.

माझंही थोडं सांगतो, आता लाज वाटायचे दिवस गेले. लायसन्स घेऊन आलो तेव्हा डोक्यात एकच, ४-३-३ आणि कडेनं पळणारे विंगर. माझ्याकडं एक पोरगा होता, मधोमध चेंडू मागायचा, पाठ गोलकडं असताना एका स्पर्शात वळायचा. त्याला मी डाव्या विंगला टाकला. वर सरावाला सगळ्यांसमोर ओरडायचो, ‘रेषा सोडू नको!’ सहा-सात सामने त्यानं रेषा सोडली नाही. मग यायचंच बंद केलं. वर्षभरानं तो शाहू स्टेडियमवर दुसऱ्या संघाकडून मधोमध खेळताना दिसला, आणि बघताना मला माझा फळा आठवला. तुझं पत्र वाचून उत्तर द्यायला बसलो ते त्या पोराच्या आठवणीनंच.

असो. फेब्रुवारी १९९९ मध्ये अँचेलोटी युव्हेंटसला गेला. मिलानचा माणूस म्हणून तिथल्या प्रेक्षकांना तो नकोच होता. ‘डुक्कर कोच होऊ शकत नाही’ असे फलक लागले. (त्याच्या मुलखात डुकराच्या मांसावर अख्खं स्वयंपाकघर उभं आहे, तेव्हा ही शिवी त्याला किती लागली असेल कोण जाणे.) पण तिथं झिदान होता. आता झिदानला डाव्या कडेला उभा करायचा का? अँचेलोटीनं वही मिटली. मागं तीन, मध्ये चार, त्यांच्या पुढं झिदान आणि वर देल पिएरो-इंझागी. पद्धतीत माणूस बसवण्याऐवजी माणसाभोवती पद्धत उभी करायची, हे त्याच्याकडून पहिल्यांदा झिदाननं करवून घेतलं.

जिंकला मात्र नाही. १४ मे २००० चा पेरूजाचा सामना ऐकून ठेव. शेवटचा दिवस, युव्हेंटस लात्सिओच्या दोन गुण पुढं. मध्यंतराला पावसानं झोडपलं, मैदानाचं तळं झालं. रेफ्री कोलिना छत्री घेऊन आत येतो, चेंडू टाकून बघतो, उसळतच नाही, परत जातो. तासाच्या वर खेळ थांबला. तिकडं रोममध्ये लात्सिओ आपला सामना ३-० नं जिंकून मोकळी, प्रेक्षक स्टेडियममध्येच कानाला रेडिओ लावून बसलेले. अखेर खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात पेरूजाच्या कालोरीनं गोल मारला. ०-१. लीग लात्सिओची. पुढच्या वर्षी पुन्हा दुसरा नंबर, या वेळी रोमाच्या मागं. दोन मोसमांत मिळून १४४ गुण, लीग एकही नाही, आणि नोकरी गेली.

नोव्हेंबर २००१ मध्ये मिलाननं त्याला बोलावलं, आणि आता तुझ्या डावखुऱ्याकडं येतो.

आंद्रेआ पिर्लो तेव्हा बावीस-तेवीसचा. इंटर क्लबनं मोठा दहा नंबर म्हणून घेतला आणि वाया घालवला. पळण्यात मंद, अंगानं किरकोळ, हेडर नाही, टॅकल नाही. मिलानमध्ये त्याच्या जागेवर रुई कोस्ता आधीच होता, वर रिव्हाल्डोही आला. म्हणजे पुढं जागा नाही. ब्रेशियात उसना खेळायला गेला असताना म्हाताऱ्या मात्सोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढं, खोल खेळवून बघितलं होतं, कारण वर बाजो होता. २००२ मध्ये पिर्लोनंच अँचेलोटीला सुचवलं, मला तिथं खेळवून बघा.

तू काय केलं असतंस? त्या जागेला आपण ‘होल्डिंग’ म्हणतो. तिथं आपण पेठेतला सगळ्यात दांडगा पोरगा उभा करतो. अँचेलोटी स्वतः आयुष्यभर जवळपास त्याच भागात खेळलेला. तिथं अंगाला काय काय लागतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यालाही शंका होती. पण त्यानं करून बघितलं, आणि करताना नुसती जागा बदलली नाही. पिर्लोच्या उजवीकडं दिला गात्तुसो, तीन माणसांचं पळणारा. डावीकडं सेडॉर्फ, ताकद आणि चेंडूवर ताबा दोन्ही असलेला. समोर रुई कोस्ता. चौकोन तिरका करून ठेवावा तसा मिडफिल्ड. पिर्लोला जे येत नव्हतं ते बाकीच्यांनी वाटून घेतलं. त्याला येत होतं ते, म्हणजे चाळीस मीटरवरचा पास, संघाचं इंजिन झालं.

यात बारकावा आहे. दहा नंबरला चेंडू मिळतो तेव्हा पाठीवर माणूस असतो, विचार करायला पाव सेकंद. तोच खेळाडू वीस-तीस मीटर मागं आणला की सगळं मैदान तोंडासमोर उघडं, आणि त्या काळात समोरचे स्ट्रायकर तिथवर दाबायला यायचेच असं नाही. मंद पायांना अँचेलोटीनं वेळ मिळवून दिला, तो जागा बदलून. साक्कीच्या वहीत हे नव्हतं. पण दोन रेषांमधलं अंतर आखूड ठेवायचं, संघ लांबू द्यायचा नाही, हे साक्कीचंच होतं. त्याशिवाय पिर्लो तिथं उघडा पडला असता. म्हणजे शिकलेलं त्यानं टाकून दिलं नव्हतं.

२८ मे २००३, ओल्ड ट्रॅफर्ड, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर त्याला काढणारं युव्हेंटस. सामना ०-०, कंटाळवाणा, खरं सांगायचं तर मीही मध्ये पेंगलो होतो. पेनल्टीत मिलानचा गोलकीपर दीदानं तीन अडवल्या, शेवचेन्कोनं शेवटची मारली. पुढच्या वर्षी लीग. मिलानमध्ये साडेसात वर्षांत लीग ही एकच, हेही लिहून ठेव.

इस्तंबूल तुला ठाऊकच आहे. २५ मे २००५, पुन्हा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मध्यंतराला मिलान ३-०, मग सहा मिनिटांत लिव्हरपूलचे तीन गोल, शेवटी पेनल्टीवर हार. मध्यंतराला मिलानवाले नाचत होते ही दंतकथा त्यांनी कायम नाकारली आहे. मला त्यानंतरचं जास्त शिकण्यासारखं वाटतं. त्यानं संघ मोडला नाही. इटलीतल्या २००६ च्या रेफ्री-घोटाळ्यात मिलानचे गुण कापले गेले, चॅम्पियन्स लीगला पात्रता फेरीतून यावं लागलं, खेळाडू वयस्कर. तरी २००७ मध्ये अथेन्सला पुन्हा लिव्हरपूल समोर आणि इंझागीचे दोन गोल, २-१. तोवर आकार बदललेला होता: वर एकटा स्ट्रायकर, त्याच्या मागं काका आणि सेडॉर्फ, त्यांच्या मागं तिघे. इटलीत याला ख्रिसमसचं झाड म्हणतात. काका नावाचा पोरगा चेंडू घेऊन चाळीस मीटर सुसाट पळतो, मग त्याच्यापुढची जागा मोकळी ठेवायची, दोन स्ट्रायकरांनी ती अडवायची नाही. एवढं साधं कारण.

नंतर तो इंग्लंडच्या चेल्सीत आणि पॅरिसच्या पीएसजीत कोच होता, ते थोडक्यात. चेल्सीत पहिल्या वर्षी, २००९-१० मध्ये, लीग आणि एफए कप दोन्ही. लीगमध्ये १०३ गोल, तेव्हाचा विक्रम. एफए कपच्या अंतिम सामन्याआधी डावपेच तुम्हीच ठरवा म्हणून त्यानं खेळाडूंवर सोपवलं होतं, असं तो सांगतो. पुढच्या वर्षी दुसरा नंबर आला, आणि एव्हर्टनच्या मैदानावरचा शेवटचा सामना संपल्यावर तिथल्या बोळातच त्याला काढल्याचं सांगितलं. पॅरिसमध्ये २०१३ ची लीग, क्लबची १९९४ नंतरची पहिली.

माद्रिदमध्ये २०१३ ला गेला तेव्हा रेआल दहाव्या युरोपियन कपासाठी अकरा वर्षं तळमळत होतं. तिथं त्यानं दि मारियाला विंगवरून काढून मिडफिल्डमध्ये घेतलं. बेल आणि रोनाल्डो दोन्ही कडांना असताना तो बाहेर बसला असता. विंगरचे पाय आणि मिडफिल्डरचं अंतर, दोन्ही त्याच्यात होतं. २४ मे २०१४, लिस्बन, अंतिम सामना, समोर अॅटलेटिको. ३६ व्या मिनिटाला गोदिनचा गोल. साठाव्या मिनिटाच्या सुमारास यानं खेदीरा आणि कोएंत्राओला काढून इस्को आणि मार्सेलोला आणलं. राखणारे दोन काढले, चेंडू खेळवणारे दोन घातले. तरी वेळ संपत आली. ९३ व्या मिनिटाला मॉड्रिचचा कॉर्नर आणि रामोसचं डोकं. जादा वेळेत बेल, मार्सेलो, रोनाल्डो. ४-१. स्टार मिळाले म्हणणाऱ्यांना मी या सामन्यातला मार्सेलो दाखवतो: बाहेर बसवलेला माणूस आला आणि गोल मारून गेला. वर्षभरानं लीग नाही, चॅम्पियन्स लीग नाही म्हणून अँचेलोटीला काढलं. तिथली रीतच ती.

आता माझी तक्रार. अँचेलोटीच्या हातात तुटक्या, बिघडलेल्या संघाची सुरुवातीपासून बांधणी द्यावी, असं मला वाटत नाही. जर्मनीच्या बायर्नमध्ये गार्डिओलाच्या कडक शिस्तीनंतर याचा सराव खेळाडूंना हलका वाटला. लीग जिंकूनही सप्टेंबर २०१७ मध्ये पॅरिसकडून ३-० हरल्यावर गेला. इटलीच्या नापोलीत आधीच्या कोचनं, सार्रीनं, वीण घट्ट विणलेला संघ मिळाला, त्याला दुसरं रूप देता देता विस्कटला. मालकानं सगळ्यांना कोंडून शिबिराला पाठवायचा हुकूम काढला, खेळाडूंनी झुगारला, हा मध्ये. डिसेंबर २०१९ मध्ये हेंकला ४-० हरवून चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत नेलं, त्याच रात्री नोकरी गेली. एव्हर्टनमध्ये दहावा नंबर. दोन दशकांनी लिव्हरपूलच्या मैदानावर विजय मिळवून दिला, हा तिथल्या लोकांचा आनंद. जिथं रोजच्या सरावातून, शंभर वेळा घोटून खेळ घडवायचा असतो तिथं साक्कीचा शिष्य असूनही तो फिका पडतो. म्हणून त्याच्या नावावर लीगपेक्षा कप जास्त खुलतात, असं माझं मत.

२०२१ मध्ये रेआलनं परत बोलावलं, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. पुढच्या वर्षी ला लिगा जिंकली आणि इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्पेन या पाचही मोठ्या लीग जिंकणारा तो पहिला कोच झाला. पण मला ४ मे २०२२ ची रात्र दाखवायची आहे. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, मँचेस्टर सिटी पहिला सामना ४-३ जिंकून आलेली, माद्रिदमध्येही ७३ व्या मिनिटाला माहरेझचा गोल. क्रूस, कासेमिरो, मॉड्रिच, तिघांनाही यानं बाहेर काढलं होतं. ९० व्या मिनिटाला रॉड्रिगो, ९१ व्या मिनिटाला पुन्हा रॉड्रिगो. जादा वेळ. बेन्झेमाची पेनल्टी. तेवढ्यात कॅमेऱ्यानं एक दृश्य पकडलं: अँचेलोटी बेंचकडं वळून क्रूस आणि मार्सेलोला विचारतोय, आता कुणाला उतरवू? क्रूस तर नुकताच बाहेर काढलेला. आपल्याकडं काढलेला खेळाडू बाटली आपटून जाळीच्या पलीकडं जाऊन बसतो, आणि कोच त्याच्याकडं बघतही नाही. तो सामना जिंकून, अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-० हरवून, चौथा कप. २०२४ ला वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्ध पाचवा.

त्या वर्षी बेन्झेमा गेला होता आणि दुसरा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, त्याच्या तोलाचा नव्हता. मग बेलिंगहॅम नावाच्या मिडफिल्डरला त्यानं व्हिनिसियस आणि रॉड्रिगोच्या मागं उभं केलं. त्यानं लीगमध्ये १९ गोल मारले. पुन्हा तोच तिरका चौकोन, वीस वर्षांपूर्वीचा, फक्त माणसं वेगळी आणि कारण उलटं: तिथं दहा नंबर जास्त होते, इथं नऊ नंबर नव्हता. रेआलच्याच मिडफिल्डर व्हाल्वेर्देबद्दल तर अँचेलोटी आधी म्हणाला होता, यानं मोसमात दहा गोल मारले नाहीत तर माझं कोचिंगचं लायसन्स फाडून टाकीन. लायसन्स वाचलं.

मे २०२५ मध्ये त्यानं ब्राझीलची सूत्रं घेतली. ज्या देशानं पॅसाडीनात त्याच्यासमोर कप नेला होता, त्याच देशाचा कोच. १० जूनला, सहासष्टाव्या वाढदिवसाला, साओ पावलोत पॅराग्वेविरुद्ध १-० जिंकून विश्वचषकाची पात्रता मिळवली. राष्ट्रीय संघाला सरावाला दिवसच कमी मिळतात. मला वाटतं ते त्याच्या स्वभावाला मानवेल.

आता तुझा पोरगा. त्याला विंगवर टाकू नकोस, आणि ‘पळ पळ’ म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावून तो बदलेल असंही समजू नकोस. आधी दोन सरावांत नुसतं बघ, वही घेऊन: चेंडू मागायला तो कुठं जातो? पुढं जातो की मागं येतो? मला लिहिलंस त्यावरून तो आपसूक मागं येत असावा. तसं असेल तर त्याला चार बचावपटूंच्या पुढं उभा कर. तुझं ४-३-३ मोडायचीही गरज नाही, तीनमधला मधला तो. पण त्याच्या दोन्ही बाजूंना दे ती पळणारी पोरं, तंत्रानं थोडी कच्ची असली तरी चालतील. त्यांना सांग की पहिला पास कायम यालाच. आणि मागच्या चौघांना दहा पावलं वर आण, नाहीतर त्याच्या पाठीमागं एवढी मोकळी जागा राहील की पहिल्याच सामन्यात तुझे पदाधिकारी त्याला आणि तुला दोघांनाही बाहेर काढतील.

मैत्रीचा सामना बघून कर, स्पर्धेत नको. पहिल्या वीस मिनिटांत तो तीनदा तरी चेंडू घालवेल, त्यातला एक गोलसमोर. तेव्हा रेषेवरून ओरडू नकोस. मध्यंतराला त्यालाच विचार, तुला चेंडू कुठं हवा होता. काय म्हणाला ते मला कळव.